वॉशिंग मशीनचे बेअरिंग आणि टायटॅनियमचा खुंट: ‘साधी सायकल’ कोणी ठरवली?

१/१४
२७ ऑक्टोबर २००० रोजी मँचेस्टर येथे ख्रिस बोर्डमन या इंग्रज सायकलपटूने एका तासात ४९.४४१ किलोमीटर अंतर कापले आणि तो विश्वविक्रम म्हणून नोंदला गेला. नवल असे, की चारच वर्षांपूर्वी याच शहरात याच माणसाने एका तासात ५६.३७५ किलोमीटर अंतर कापले होते. जवळपास सात किलोमीटर मागे राहूनही विक्रम कसा झाला? या कोड्याचे उत्तर दोन सायकलींच्या इतिहासात दडलेले आहे. एक टायटॅनियमचा भाग मुद्दाम अमेरिकेतून आणवून घडवलेली, तर दुसरीत वॉशिंग मशीनचे बेअरिंग बसवलेले.

२/१४
प्रथम स्पर्धेचे स्वरूप पाहू. तासाच्या विक्रमात प्रतिस्पर्धी नसतो. सायकलपटूने एकट्याने मैदानाला फेऱ्या घालायच्या आणि साठ मिनिटांत किती अंतर कापले ते मोजायचे, एवढेच. ११ मे १८९३ रोजी पॅरिसच्या बफेलो मैदानावर आंरी देग्रांज याने ३५.३२५ किलोमीटर अंतर कापले. अधिकृत नोंदींचा आरंभ येथून मानतात. हाच देग्रांज पुढे १९०३ मध्ये सुरू झालेल्या ‘टूर द फ्रान्स’चा जनक ठरला.

३/१४
या विक्रमासाठी वापरतात ती सायकल ‘फिक्स्ड गिअर’ प्रकारची. आपल्या नेहमीच्या सायकलीचे पेडल थांबवले तरी चाक फिरत राहते आणि मागून टिकटिक ऐकू येते. ती करामत फ्रीव्हीलची. फिक्स्ड गिअर सायकलीत फ्रीव्हील नसते. मागचे दातेरी चक्र चाकाशी पक्के जखडलेले असते. चाक फिरते तोवर पाय फिरलेच पाहिजेत, विसावा नाही. गिअर बदलता येत नाहीत आणि मैदानावर ब्रेकही नसतात. सुटे भाग कमी, म्हणून वजन कमी आणि खर्चही कमी. सायकलीची ही सर्वांत साधी जात आहे, आणि म्हणूनच घरच्या घरी सायकल घडवू पाहणाऱ्यालाही ती आवाक्यात वाटते.

४/१४
मात्र ‘साधी’ म्हणजे नेमकी कशी, हा वाद जुना आहे. ७ जुलै १९३३ रोजी फ्रान्सिस फॉर या फ्रेंच सायकलपटूने ४५.०५५ किलोमीटर अंतर कापून ऑस्कर एगचा १९१४ पासून अबाधित असलेला विक्रम मोडला. त्याची सायकल शार्ल मोशे याने बनवलेली होती. तीवर रेलून बसायचे आणि पाय पुढे पसरून पेडल मारायचे. वारा कापण्यास ही बैठक फारच सोयीची. १९३४ मध्ये सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे यूसीआयने, अशा सायकलींना मान्यताप्राप्त शर्यतींतून वगळले. यंत्र वेगवान आहे की नाही हा प्रश्न बाजूला राहिला. ते ‘सायकल’ आहे की नाही, याचा निर्णय एका समितीने दिला.

५/१४
आता पहिल्या सायकलीकडे वळू. १९७२ मध्ये जिरो द इतालिया आणि टूर द फ्रान्स या दोन्ही शर्यती जिंकून बेल्जियमचा एडी मर्क्स तासाच्या विक्रमाकडे वळला. त्याची सायकल इटलीच्या एर्नेस्तो कोल्नागोने घडवली. फ्रेम पातळ पोलादी नळ्यांची होती. साखळीच्या कड्यांना भोके पाडली, हँडल आणि सीटचा दांडाही पोखरला. जेथून ग्रॅमभर धातू काढता येईल तेथून तो काढला. सिद्ध झालेल्या सायकलीचे वजन होते सुमारे पावणेसहा किलो.

६/१४
हँडलला फ्रेमशी जोडणारा खुंट, म्हणजे स्टेम, टायटॅनियमचा होता. तो डेट्रॉइटमध्ये स्थायिक झालेल्या पिनो मोरोनी या इटालियन कारागिराकडून आणवला गेला. टायटॅनियम पृथ्वीवर दुर्मीळ नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतल्या इल्मेनाइट या खनिजातही ते असते. महाग पडते ते खनिजापासून धातू वेगळा करणे. क्रोल पद्धतीत टायटॅनियमच्या क्लोराइडवर तप्त मॅग्नेशियमची प्रक्रिया करावी लागते. तापलेले टायटॅनियम हवेतील ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून ठिसूळ होते, म्हणून वेल्डिंग करताना आरगॉनसारख्या वायूचे संरक्षण द्यावे लागते. हे तंत्र प्रामुख्याने विमान उद्योगाकडे होते. पोलादाच्या जेमतेम ५८ टक्के घनता आणि तरीही भक्कम, अशा या धातूचे सायकलपटूंना वाटणारे आकर्षण समजण्यासारखे आहे. पुढच्याच वर्षी टूर द फ्रान्सचा विजेता लुईस ओकान्या काही टप्प्यांत टायटॅनियमच्या सायकलीवर दिसला.

७/१४
२५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको सिटीत मर्क्सने ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले. त्या पराक्रमाबद्दल शंका नाही, पण सायकलीच्या हलकेपणाचा त्यात वाटा किती? सपाट मैदानावर एकसारख्या वेगाने जाताना वजनाचा अडसर फारसा नसतो. वजन जाणवते ते चढावर आणि वेग वाढवताना. सायकलपटूची बहुतेक शक्ती खर्च होते ती समोरची हवा ढकलण्यात. वेग दुप्पट करायचा तर त्यासाठी आठपट शक्ती लागते. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरांहून अधिक उंचीवर आहे आणि तेथील हवा सुमारे पाचव्या हिश्श्याने विरळ आहे. मर्क्सला खरी मदत बहुधा टायटॅनियमपेक्षा या हवेने केली.

८/१४
हे गणित पुढच्या पिढीने ओळखले. जानेवारी १९८४ मध्ये इटलीच्या फ्रान्सेस्को मोझरने मेक्सिको सिटीतच चार दिवसांच्या अंतराने दोनदा विक्रम केला, त्यातील दुसरा ५१.१५१ किलोमीटरचा होता. त्याची चाके आऱ्यांऐवजी भरीव तबकड्यांची होती आणि पाठीशी शास्त्रज्ञांचा ताफा होता. वजनावरचा भर ओसरला आणि वाऱ्यावरचा वाढला. परंतु विक्रम करायचा तर पैसा, प्रयोगशाळा आणि प्रायोजक हवेत, ही समजूत मात्र तशीच राहिली.

९/१४
ती समजूत मोडली ग्रेम ओब्री या स्कॉटिश तरुणाने. त्याचे सायकलींचे दुकान बुडाले होते आणि हाती पैसा नव्हता. त्याने स्वतःच सायकल घडवली. तिचे नाव ‘ओल्ड फेथफुल’, म्हणजे जुनी इमानी सखी. दोन्ही पाय एकमेकांच्या जवळ राहिले तर ताकद नीट लागते आणि वाराही कमी अडतो, हा त्याचा सिद्धान्त. त्यासाठी पेडलांमधले अंतर नेहमीपेक्षा कमी हवे होते, म्हणून तेथे त्याने वॉशिंग मशीनचे बेअरिंग बसवले. कपडे पिळताना जे यंत्र मिनिटाला हजाराहून अधिक फेरे घेते त्याचे बेअरिंग उत्तम असलेच पाहिजे, हा त्यामागचा सरळ विचार होता. गुडघे अडू नयेत म्हणून फ्रेमची वरची आडवी नळीच नव्हती. हात छातीखाली दुमडून तो हँडलवर असा ओणवत असे, की वाऱ्याला अडवायला जणू खांदेच उरत.

१०/१४
१६ जुलै १९९३. नॉर्वेतील हामार. ओब्रीचा पहिला प्रयत्न त्याच्या सायकलीच्या व्यावसायिक प्रतिकृतीवर झाला आणि तो फसला. त्याने दुसऱ्याच दिवशी पुन्हा उतरायचे ठरवले. पाय आखडू नयेत म्हणून तो रात्री भरपूर पाणी पिऊन झोपला, म्हणजे लघवीसाठी वरचेवर जाग यावी आणि दरवेळी उठून पाय ताणता यावेत. १७ जुलैच्या सकाळी तो आपल्या मूळ सायकलीवर बसला आणि ५१.५९६ किलोमीटर गेला. मोझरचा नऊ वर्षांचा विक्रम मोडला. सहाच दिवसांनी बोर्डमनने बोर्दो येथे कार्बन फायबरच्या सायकलीवर ५२.२७० किलोमीटर नोंदवले, तर एप्रिल १९९४ मध्ये ओब्रीने ५२.७१३ किलोमीटर अंतर कापून विक्रम परत घेतला.

११/१४
मग नियम आडवा आला. १९९४ मध्ये यूसीआयने त्याची ओणवी बैठक निषिद्ध ठरवली आणि पालेर्मोच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत त्याला बाद केले. त्याने दुसरी बैठक शोधली. या वेळी हात पुढे सरळ ताणलेले, उडत्या माणसासारखे. त्या बैठकीवर १९९५ मध्ये बोगोटा येथे तो पुन्हा जगज्जेता झाला. बोर्डमनने १९९६ मध्ये ५६.३७५ किलोमीटर गाठले ते हीच बैठक स्वीकारून. पुढे तीही बंद झाली.

१२/१४
यूसीआयची भूमिका केवळ हटवादी म्हणता येणार नाही. १९९६ च्या लुगानो सनदेत तिने माणूस यंत्रापेक्षा श्रेष्ठ राहिला पाहिजे, असे तत्त्व मांडले. महागड्या तंत्रज्ञानामुळे श्रीमंत संघ आणि देश पुढे जातील आणि इतर कायमचे मागे पडतील, ही भीती रास्त होती. या विचारातून २००० साली निर्णय झाला, की १९७२ नंतरचे विक्रम वेगळ्या यादीत जातील, मुख्य विक्रम पुन्हा मर्क्सचा ४९.४३१ राहील आणि तो मोडू पाहणाऱ्याने मर्क्सच्या काळातल्यासारखी सायकल वापरावी. बोर्डमन त्याच्यापुढे अवघा दहा मीटर गेला. पहिल्या पोस्टमधील कोड्याचे उत्तर हे आहे.

१३/१४
इतिहासाच्या अभ्यासकाने थांबावे ते येथे. ज्या सायकलीला ‘साध्या’ सायकलीचा मापदंड मानले, ती आपल्या काळातील अत्यंत खर्चिक आणि खास एका माणसासाठी घडवलेल्या सायकलींपैकी होती. तिच्यासाठी टायटॅनियमचा खुंट समुद्रापलीकडून आणवला होता. त्याच २००० सालापासून यूसीआयने शर्यतीच्या सायकलीसाठी किमान ६.८ किलो वजनाचा नियम लागू केला. त्या काट्यावर मर्क्सची सायकल एक किलोने कमी भरते. उलट ज्याची कल्पना कोणालाही फुकट उचलता आली असती, त्या ओब्रीचा विक्रम वेगळ्या यादीत गेला. श्रीमंतीला आळा घालण्यासाठी केलेल्या नियमांचा मोठा फटका बसला तो सर्वांत स्वस्त सायकलीला.

१४/१४
२०१४ मध्ये यूसीआयने माघार घेतली आणि मैदानी शर्यतीत चालणारी आधुनिक सायकल तासाच्या विक्रमालाही मान्य केली. ७ जून २०१५ रोजी लंडनमध्ये ब्रॅडली विगिन्सने ५४.५२६ किलोमीटर अंतर कापले, तेव्हा त्याच्या हातांच्या मापाचे हँडल त्रिमितीय छपाईने टायटॅनियममध्ये बनवलेले होते. मर्क्सची सायकल आज ब्रुसेल्सच्या मेट्रोतील त्याच्याच नावाच्या स्थानकात काचेआड ठेवलेली आहे. पोलादी नळ्या, गोल चाके, वाकडे हँडल. पाहणाऱ्याला ती अगदी साधी वाटते. कोणत्याही खेळात ‘परंपरा’ हा शब्द ऐकला, की ती परंपरा कोणत्या सालापासून मोजली आणि ते साल कोणी निवडले, हे दोन प्रश्न विचारावेत.