यात्रा, प्रदर्शन आणि शाकाहारी प्रवासी : खानदेशातील प्रवासी-भोजनाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

घराबाहेर पडलेल्या माणसापुढे निवाऱ्याच्या आधी अन्नाचा प्रश्न उभा राहतो. प्रवास करमणुकीसाठी असेल आणि प्रवासी शाकाहारी असेल, तर हा प्रश्न अधिक नाजूक होतो, कारण करमणुकीच्या ठिकाणचे अन्न दुसऱ्याच्या हातचे आणि दुसऱ्याच्या हिशेबाने शिजविलेले असते. जत्रा, प्रदर्शन आणि अलीकडची मनोरंजन-उद्याने या तिन्ही ठिकाणी हा अनुभव येतो. जळगाव व धुळे हे जिल्हे, म्हणजे १९०६ च्या विभाजनानंतरचे पूर्व व पश्चिम खानदेश, या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहेत. येथील दैनंदिन आहारात मांसाहाराचे प्रमाण बेताचे असल्यामुळे शाकाहारी जेवण मिळणे ही येथे फारशी मोठी अडचण नव्हती. अडचण होती ती ते जेवण कोणाच्या हातचे, कोणत्या पाण्याचे आणि कोणत्या पंगतीचे, ही. प्रस्तुत लेखात या बदलत गेलेल्या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

दशमी आणि भाकरी

रेल्वेपूर्व काळातील प्रवासी स्वतःचे अन्न स्वतःबरोबर नेत असे. खानदेशातून चैत्रात सप्तशृंगीच्या गडाकडे पायी जाणारे भाविक, धुळ्यास पांझरेकाठी एकवीरादेवीच्या यात्रेला येणारी कुटुंबे, मुक्ताईनगरहून आषाढीसाठी पंढरपूरला निघणारी मुक्ताबाईंची पालखी, या सर्वांच्या खांद्यावर शिदोरी असे. या शिदोरीचे दोन प्रकार ध्यानात घेण्याजोगे आहेत.

पहिला प्रकार दशमीचा. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवून केलेली ही पोळी दोन-तीन दिवस टिकते, हे तिचे व्यावहारिक कारण झाले. परंतु तिच्यामागे आचारधर्माचेही कारण होते. पाण्यात शिजविलेल्या अन्नाला विटाळ लवकर लागतो, दूध-तुपातील अन्नाला तो लागत नाही, अशी समजूत असल्याने सोवळे पाळणाऱ्या घरांत प्रवासासाठी दशमी चालत असे. म्हणजे दूध आणि तूप ही केवळ पौष्टिक द्रव्ये नव्हती, तर ती प्रवासातील शुद्धतेची हमी होती. आज दुग्धजन्य पदार्थही वर्ज्य मानणारा, ज्याला आता ‘व्हीगन’ म्हटले जाते तो, प्रवासी नेमक्या याच हमीपाशी अडतो.

दुसरा प्रकार शेतमजुराच्या भाकरीचा. ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा, शेंगदाण्याची चटणी, तेलाचे बोट. कळणा म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद मीठ घालून एकत्र दळलेले पीठ. या शिदोरीत दूध नाही, तूप नाही, लोणीही नाही. ‘व्हीगन’ हा शब्द इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये प्रचारात आणला. त्याच्या कितीतरी आधीपासून तापी-गिरणेच्या खोऱ्यातील मजूर त्या व्याख्येत बसणारे अन्न खात होता. मात्र याला तत्त्वनिष्ठा म्हणणे हा त्या मजुराचा उपहास ठरेल. घरी गाय असली तरी दूध-तूप विकून मीठमिरची आणावी लागे आणि सणावारी बोकड मिळाला तर तो आनंदाने खाल्ला जाई. सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजांच्या आहारात तर मासळी आणि शिकार यांना स्थान होतेच. यात्रा म्हणजे शाकाहार, हे समीकरणही सरसकट खरे नाही. वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ पडली की मांस सुटते, पण देवीच्या यात्रांशी बोकडाच्या बळीची परंपरा जोडलेली आहे. एकाच घरातले दोन भाऊ एका वर्षात दोन्ही यात्रा करीत असत, ही गोष्ट आहाराच्या इतिहासात फारशी नोंदविली जात नाही.

शाकाहाराच्याही अनेक पायऱ्या होत्या. जळगावच्या बाजारपेठेतील जैन व्यापारी कंदमुळे व सूर्यास्तानंतरचे भोजन टाळीत, सावदा परिसरातील स्वामीनारायण संप्रदायी कांदा-लसूण टाळीत. खानदेशाची ओळख असलेले वांग्याचे भरीत कांद्याची पात आणि लसणाशिवाय होत नाही आणि अनेक जैन घरांत वांगेच वर्ज्य असते. त्यामुळे एका शाकाहाऱ्याचे पक्वान्न दुसऱ्या शाकाहाऱ्याला अखाद्य, ही स्थिती येथे जुनीच आहे.

ठाण्यावरचे पाणी

१८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळपर्यंत आली आणि प्रवासाचा वेग बदलला. गाडीत सर्व जातींचे लोक शेजारी बसू लागले, पण स्थानकावर उतरताच पुन्हा विभागले जात. ‘हिंदू पाणी’, ‘मुसलमान पाणी’, ‘हिंदू चहा’, ‘मुसलमान चहा’ अशा वेगळ्या व्यवस्था स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत चालू होत्या. पुढे ‘शाकाहारी’ आणि ‘मांसाहारी’ या पाट्या त्यांच्या जागी आल्या. ही भाषा आहाराची असली तरी तिच्या पोटात जुन्या विभागणीची स्मृती उरली नाही, असे ठामपणे म्हणता येत नाही. आजही ‘शुद्ध शाकाहारी’ या पाटीतील ‘शुद्ध’ हा शब्द केवळ भाजीविषयी बोलत नाही.

या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आठवणींतील दोन प्रवास महत्त्वाचे आहेत. पहिला १९०१ च्या सुमाराचा, सातारा जिल्ह्यातला. वडिलांच्या नोकरीच्या गावी सुटी घालविण्यासाठी निघालेल्या मुलांजवळ घरून दिलेला डबा भरलेला होता, पोटात भूक होती, परंतु वाटेत कोणी पाणी देईना. त्यामुळे डबा असूनही ती मुले उपाशी झोपली. दुसरा प्रवास खानदेशातलाच. १९२९ मध्ये अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून दौरा आटोपून परतताना ते धुळ्याच्या फाट्यावरील एका गावातील बहिष्काराची चौकशी करण्यासाठी चाळीसगावला उतरले. चाळीसगावच्या टांगेवाल्याने त्यांना स्वतः हाकून नेण्यास नकार दिला. अनुभव नसलेल्या माणसाच्या हाती टांगा द्यावा लागला, मोरीपाशी अपघात झाला आणि ते जखमी झाले. सुटीतील प्रवासात काय खावे याची चर्चा करताना हे दोन प्रसंग विषयांतर वाटतील, परंतु तसे ते नाहीत. ‘प्रवासात शाकाहारी मिळेल का?’ हा प्रश्न विचारता येण्यासाठी आधी टांगा आणि पाणी मिळावे लागते.

पॅरिस ते फैजपूर

करमणुकीच्या भव्य स्थळी शाकाहारी जेवण शोधणारा प्रवासी म्हणून सर्वांना परिचित असा दाखला मोहनदास गांधी यांचा आहे. १८८८ मध्ये विलायतेला निघालेल्या या तरुणाने बोटीवर मुख्यतः घरून आणलेली मिठाई आणि फळे खाऊन दिवस काढले. ती एक प्रकारची शिदोरीच होती. लंडनमध्ये भुकेने कासावीस होऊन भटकताना फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना शाकाहारी उपाहारगृह सापडले. त्यानंतर ते पॅरिसचे महाप्रदर्शन पाहण्यास गेले. आत्मकथेत त्यांनी या प्रदर्शनाचे साल १८९० दिले आहे, परंतु आयफेल मनोरा ज्यासाठी उभारला गेला ते प्रदर्शन १८८९ चे होय. पॅरिसमध्ये शाकाहारी उपाहारगृह आहे असे त्यांनी ऐकले होते. त्यांनी तेथेच खोली घेतली आणि सात दिवस मुक्काम केला. म्हणजे प्रदर्शन पाहण्यासाठी कोठे राहावे हे त्यांनी जेवणावरून ठरविले. आयफेल मनोऱ्यावरील उपाहारगृहात मात्र उंचीवर जेवलो एवढे म्हणता यावे म्हणून सात शिलिंग खर्चल्याची कबुली त्यांनी दिली आहे. आजच्या उद्यानातील महागड्या उपाहारगृहात शिरणाऱ्या पर्यटकाला ही कबुली ओळखीची वाटेल.

पुढे सुमारे सत्तेचाळीस वर्षांनी हाच प्रवासी पूर्व खानदेशात एका प्रदर्शनाचे उद्घाटन करीत होता. डिसेंबर १९३६ मधील फैजपूर काँग्रेस हे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन. पं. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष, शंकरराव देव स्वागताध्यक्ष, संघटनेची धुरा धनाजी नाना चौधरींसारख्या स्थानिक कार्यकर्त्यांकडे आणि साने गुरुजी गावोगावच्या प्रचारात. केळी-कापसाच्या पट्ट्यात बांबू आणि स्थानिक साहित्य वापरून नंदलाल बोस यांच्या कल्पनेतून ‘टिळकनगर’ हे तात्पुरते शहर उभे राहिले. पॅरिसमध्ये लोखंडाचा मनोरा होता, येथे बांबूची कमान. प्रदर्शनाचा गाभा खादी आणि ग्रामोद्योग हा होता. प्रदर्शन म्हणजे डोळे दिपविणारा तमाशा न होता लोकशिक्षणाचे साधन व्हावे, असा गांधीजींचा आग्रह होता. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाण्याचे तेल आणि गूळ यांचा पुरस्कार चालविला होता. येथे आहार हा स्वतःच प्रदर्शनाचा विषय बनला. पॅरिसला गांधी शाकाहाराच्या शोधात गेले, फैजपूरला त्यांचा आहारविचार इतरांनी पाहण्याचा विषय झाला.

तथापि एक विसंगती नोंदवावी लागते. गांधीजींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले होते, परंतु १९१८ च्या दीर्घ आजारानंतर त्यांना शेळीचे दूध घ्यावे लागले आणि ही आपली हार आहे असे त्यांनी मानले. मनापासून दूध टाळू इच्छिणारा नेता ते टाळू शकला नाही, आणि त्याच वेळी फैजपूरच्या शिवारातील मजुराच्या ताटात ते मुळातच नव्हते. ग्रामोद्योगाचा विचार या दुसऱ्या वस्तुस्थितीकडे आदर्श म्हणून नव्हे, तर कुपोषणाची खूण म्हणून पाहत होता, आणि ते योग्यच होते. २५ मार्च २०१२ रोजी जळगावच्या जैन हिल्सवर राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झालेल्या ‘गांधी तीर्थ’ या संग्रहालयाला सहलींनी येणाऱ्या विद्यार्थ्यांना गांधींचे चरित्र भेटते. ‘तीर्थ’ हे नाव घेतलेले हे स्थळ यात्रा आणि प्रदर्शन या दोन्ही परंपरांचा वारसा सांगते.

भरीत, ढाबा आणि उद्यानाचे दार

खानदेशातील हौसेच्या भोजनाचा अस्सल प्रकार म्हणजे हिवाळ्यातील शेतावरची भरीत-पार्टी. आसोदे, बामणोद या भागांतील मोठी हिरवी वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजून, बडगीत ठेचून, त्यांत मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि तेल घालून केलेले भरीत कळण्याच्या भाकरीबरोबर किंवा पुरीबरोबर वाढतात. बहिणाबाई चौधरींच्या माहेरगावचे हे वांगे २०१६ मध्ये ‘जळगाव भरीत वांगी’ म्हणून भौगोलिक निर्देशांकात नोंदले गेले. या जेवणात प्राणिजन्य काहीही नसते आणि ते कोणी मुद्दाम टाळलेलेही नसते. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. त्यांच्या कडेला ढाब्यांवर मिळणारी शेवभाजी हाही असाच पदार्थ आहे. बेसनाची तिखट शेव, काळ्या मसाल्याचा रस्सा आणि वर तेलाची तर्री. तिला व्हीगन ठरविण्यासाठी काही काढावे लागत नाही. मात्र शेजारच्या पातेल्यात मटणाचा रस्सा असतो आणि पळी दोन्हींत फिरत नाही ना, हे विचारणारा ग्राहक असतोच.

मनोरंजन-उद्यानांनी मात्र एक मूलभूत बदल केला. मुंबईजवळ गोराईला १९८९ मध्ये सुरू झालेले आणि २०२२ मध्ये बंद झालेले एस्सेल वर्ल्ड, किंवा २०१३ मध्ये खोपोलीजवळ उघडलेले इमॅजिका, ही मराठी कुटुंबांच्या सहलीची नवी स्थळे. अशा उद्यानांच्या प्रवेशद्वाराशी बाहेरचे खाद्यपदार्थ नेण्यास सामान्यतः मनाई असते. जत्रेत शिदोरी सोडण्याला झाडाची सावली पुरत होती, येथे शिदोरी दारातच थांबते. त्यामुळे शतकानुशतके स्वतःच्या पदराला बांधलेला निर्णय प्रवाशाच्या हातून काउंटरवरच्या माणसाकडे गेला. सोवळ्याच्या जाचातून सुटका झाली, एका रांगेत सर्वजण एकाच खिडकीवरून अन्न घेऊ लागले, ही बाजू लहान नाही. १९०१ मधील त्या मुलांना अशी खिडकी मिळाली असती तर ती उपाशी झोपली नसती. पण त्या खिडकीवर मिळणाऱ्या पावाला लोणी लावले आहे का, हे सांगणारे कोणी नसते.

यावर राज्यसंस्थेचे उत्तर चिन्हाचे आहे. २००१ पासून वेष्टनबंद पदार्थांवर शाकाहार-मांसाहाराच्या ठिपक्यांची सक्ती आली. हिरव्या ठिपक्यात दूध, तूप, मध सर्व सामावते, म्हणजे दशमीचा जुना संकेत कायद्यातही टिकून राहिला. व्हीगन अन्नासाठी वेगळे नियम आणि वेगळे चिन्ह २०२२ मध्ये आले. परंतु ही चिन्हे वेष्टनावर असतात, पंगतीत नसतात. खानदेशातील वरण-बट्टीच्या पंगतीत बट्टी कुस्करून तिच्यावर वरण घेतले की यजमान तुपाची वाटी घेऊन ओळीने फिरतो, आणि ती तुपाची धार हा त्याच्या आतिथ्याचा शेवटचा शब्द असतो. ही धार ताटावर आडवा हात धरून थांबविता येते, यजमान थोडा नाराज होतो एवढेच. बट्टीच्या कणकेत मोहन तेलाचे घातले की तुपाचे, हे मात्र चुलीपाशी बसलेल्या बाईलाच विचारावे लागते.