सिझरमध्ये भूल वेगळी, गुंगी वेगळी. गर्भवती आणि घरच्यांनी काय माहीत ठेवावे?

कोगनोळी : कोगनोळी-निपाणी भागातील गर्भवती बाळंतपणासाठी कधी निपाणी-बेळगावला जातात, तर कधी कागल-कोल्हापूरला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) कर्नाटकात ३१.५ टक्के आणि महाराष्ट्रात २५.४ टक्के बाळंतपणे सिझरने झाली. यातील बहुतेक सिझर कमरेतील इंजेक्शनवर, म्हणजे मणक्यातील भुलेवर होतात. बाई जागी असते, म्हणून ‘झोपवूनच टाका’ असा आग्रह धरला जातो. तो नेहमीच मान्य का होत नाही, याची ही माहिती.

दोन्हींचे काम वेगळे

मणक्यातील भूल वेदना थांबवते. बारीक सुईने बुपिव्हाकेन हे औषध मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडले जाते. काही मिनिटांत पाय जड होतात आणि छातीपर्यंतचा भाग बधिर होतो. ओढल्याचे, दाबल्याचे जाणवते, पण कापल्याची वेदना होऊ नये. गुंगीचे औषध भीती कमी करते; ते भुलेची जागा घेऊ शकत नाही. दुखत असताना नुसती गुंगी देणे म्हणजे वेदना तशीच ठेवून बाईचा आवाज बंद करणे. दुखले तर शस्त्रक्रिया थांबवून वेदनाशामक देणे किंवा गरज पडल्यास पूर्ण भूल देणे, हा योग्य मार्ग.

बाळ बाहेर येईपर्यंत थांबतात

मिडाझोलामसारखे औषध वारेतून बाळापर्यंत पोचते. बाळ सुस्त जन्मू शकते, त्याचा श्वास मंदावू शकतो. आईलाही बाळाचे पहिले रडणे नंतर आठवत नाही. त्यामुळे शक्यतो नाळ बांधल्यावरच, आणि तेही थोडे थोडे, औषध देतात. फारच घाबरलेल्या बाईला आधी अगदी कमी मात्रा देता येते. मात्र तशी कल्पना बालरोगतज्ज्ञांना दिलेली असावी.

धोका कुठे?

गरोदरपणात पोटातले अन्न वर येण्याची शक्यता जास्त असते. गुंगी खोल गेली तर ते श्वासनलिकेत उतरू शकते. म्हणून हाक मारल्यावर बाई डोळे उघडून उत्तर देईल, एवढीच गुंगी सुरक्षित. ऑक्सिजन, रक्तदाब आणि हृदयाचे ठोके यांवर सतत लक्ष हवे. श्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र असेल तर उत्तम. भूलतज्ज्ञ टेबलाजवळून हलता कामा नये. मिडाझोलामचा परिणाम उलटवणारे फ्लुमाझेनिल हाताशी असावे.

अस्वस्थपणा दरवेळी भीतीमुळेच असतो असे नाही. या भुलेने रक्तदाब उतरतो, मळमळ होते, जीव घाबरा होतो. तेव्हा उपचार रक्तदाबावर करायचा, गुंगी द्यायची नाही.

घरच्यांनी काय करावे

- ठरलेल्या सिझरआधी हलके जेवण किमान सहा तास आणि साधे पाणी दोन तास बंद. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत, त्यालाही सहा तास. तातडीचे सिझर असेल तर शेवटचे काय व केव्हा खाल्ले, ते खरे सांगा.
- दमा, झोपेत जोरात घोरणे, रक्तदाब, रक्त पातळ करणारी गोळी, आधीच्या भुलेचा त्रास यांपैकी काही असेल तर भूलतज्ज्ञांना स्वतःहून सांगा.
- संमतिपत्र गुंगी देण्याआधी, आपल्याला कळणाऱ्या भाषेत समजावून घ्या. कागद कन्नड वा इंग्रजीत असेल तर मराठीत सांगायला लावण्यात संकोच नको.
- सीमाभागात डॉक्टर-नर्स कन्नड बोलणारे असू शकतात. दुखण्याला ‘नोवु’, उलटीला ‘वांती’, श्वासाला ‘उसिरु’ हे तीन शब्द बाईला शिकवून ठेवा. टेबलावर तिचे बोलणे हीच मोठी खूण असते.
- गुंगी उतरेपर्यंत आईजवळ बाळ एकटे ठेवू नका; कुणीतरी जागे माणूस शेजारी हवे. एखाद्या लहान डोसानंतर आई नीट शुद्धीवर आली की बाळाला पाजता येते.

सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सिझर आणि औषधे मोफत आहेत. ही योजना २०११ पासून दोन्ही राज्यांत लागू आहे.

भीती कमी करायला औषधाआधी बोलणे कामाला येते. आता काय होणार हे कुणी शेजारी उभे राहून सांगत राहिले, तर अनेक जणींना गुंगीची गरजही लागत नाही. त्यामुळे तपासणीच्या वेळीच विचारून ठेवावे : भूल कोण देणार, ते शेवटपर्यंत थांबणार का, आणि मध्येच दुखले तर काय करणार?