भीमगीतांच्या कॅसेटी आणि त्यांचे छोटे निर्माते

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणानंतरच्या धम्मचळवळीचा इतिहास लिहिताना अभ्यासक वृत्तपत्रांचे जुने अंक, परिषदांचे ठराव, पत्रव्यवहार आणि आत्मकथने ही साधने वापरतात. ती वापरलीच पाहिजेत. परंतु इ.स. १९८० ते २००० या वीस वर्षांत तथागतांचे व बाबासाहेबांचे चरित्र वस्त्यावस्त्यांतून ज्या माध्यमाने घरात पोहोचविले, त्यात छापील कागदाहून मोठा वाटा एका फितीचा होता. ही फीत चार मिलिमीटरहूनही कमी रुंदीची असे आणि तळहातावर मावणाऱ्या प्लॅस्टिकच्या डबीत गुंडाळलेली असे. भीमगीतांच्या व बुद्धगीतांच्या कॅसेटी आणि त्या काढणारे छोटे निर्माते यांच्याकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी आपल्याकडे उशिराच आली. प्रस्तुत लेखात त्याच दृष्टीने काही विचार मांडले आहेत.

कॅसेटपूर्वी ध्वनिमुद्रण हा मोठ्या भांडवलाचा उद्योग होता. कलकत्त्याजवळ डमडम येथे ग्रामोफोन कंपनीचा तबकड्या दाबण्याचा कारखाना होता आणि देशातील ध्वनिमुद्रिकांच्या बाजारावर या कंपनीचे दीर्घकाळ जवळजवळ एकछत्री वर्चस्व होते. कोणाचा आवाज मुद्रित व्हावा हे कंपनीच ठरवी. तबकडी वाजविण्याचे यंत्रही गिरणीकामगाराच्या आवाक्याबाहेरचे. शिवाय ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचेच गाणे बसे. आपल्या गायनपरंपरेच्या दृष्टीने ही मर्यादा क्षुल्लक नव्हती.

ही परंपरा जलशांची. सत्यशोधक जलशांपासून स्फूर्ती घेऊन १९३० नंतर नाशिककडे भीमराव कर्डक व त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले. तमाशाचा साचा ठेवून त्यांनी त्याचा आशय पालटला. देवादिकांच्या स्तवनाची जागा समाजाच्या जागृतीने घेतली. धम्मदीक्षेनंतर याच प्रवाहातून गायन पार्ट्या, कव्वालीचे सामने, सवाल-जवाब असे प्रकार वाढले. रात्रभर चालणाऱ्या सामन्यातील एक सवालसुद्धा तीन मिनिटांत मावत नसे. साठ मिनिटांच्या कॅसेटची प्रत्येक बाजू मात्र तीस मिनिटांची. महाडचा सत्याग्रह, दीक्षाभूमीचा प्रसंग, रमाईची कहाणी असा एखादा आख्यानवजा प्रकार मधल्या निवेदनासह तिच्यावर सलग बसू शकला. तबकडीने जे नाकारले होते, ते कॅसेटने सहज स्वीकारले.

फिलिप्स कंपनीने ही कॅसेट १९६३ साली बाजारात आणली. आपल्याकडे ती सामान्यांच्या घरी आली ती सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, आखाती देशांत कामास गेलेल्या कामगारांच्या सामानातून, ‘टू-इन-वन’ या नावाने. पुढे आयातीचे निर्बंध सैल झाले, देशी यंत्रे निघाली आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत तबकडी जवळपास नामशेष झाली. दिल्लीच्या गुलशन कुमार यांच्या सुपर कॅसेट्सने किमती खाली आणल्या. त्यांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. या बदलाचे खरे मर्म मात्र त्यांच्यात नव्हते. अमेरिकन संगीत-अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी उत्तर भारतातील कॅसेट-संस्कृतीवरील १९९३ च्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, या काळात प्रादेशिक भाषांतील गाणी काढणारे शेकडो लहान निर्माते उभे राहिले. भीमगीतांचे निर्माते याच मोठ्या घडामोडीचा एक भाग होत.

या छोट्या निर्मात्याचे कार्यालय म्हणजे बहुधा दुकानाच्या मागील खोली. तासावर भाड्याने घेतलेला स्टुडिओ, पेटी, ढोलकी, बेंजो, पुढे की-बोर्ड, साथीला चार कोरसवाले, आणि एक-दोन दिवसांत संपूर्ण कॅसेटचे ध्वनिमुद्रण. मूळ फितीवरून प्रती काढण्याच्या यंत्रावर हव्या तेवढ्याच प्रती निघत. तबकडीसाठी साचा घडवून मोठ्या संख्येने प्रती काढाव्या लागत. येथे पाचशे प्रती काढून त्या खपल्यावर पुन्हा पाचशे काढता येत. विक्रीची पंचांगेही ठरलेली असत: १४ एप्रिलची जयंती, वैशाख पौर्णिमा, नागपूरची दीक्षाभूमी, ६ डिसेंबरची चैत्यभूमी, १ जानेवारीचे भीमा कोरेगाव. शिवाजी पार्कच्या परिसरात पुस्तकांच्या व मूर्तींच्या शेजारी कॅसेटींचे ठेले लागत, त्यांवरचे कर्णे एकमेकांवर मात करीत आणि लांबून आलेला उपासक गावी परतताना एखादी तरी कॅसेट पिशवीत टाकी. गावी तिच्यावरून शेजाऱ्यासाठी प्रत निघे, त्या प्रतीवरून पाहुण्यासाठी आणखी एक. दर पिढीस खरखर वाढे, पण शब्द पोहोचत.

हा व्यवहार भूमिगत होता काय? कायद्याच्या अर्थाने नव्हता. परंतु प्रतिष्ठित संगीतसृष्टीच्या दृष्टीस तो पडत नव्हता, हे खरे. आकाशवाणीवर ही गाणी क्वचित लागत. वृत्तपत्रांतील संगीतसमीक्षेच्या स्तंभांना या कॅसेटींची दखल घ्यावीशी वाटत नसे. ज्या वस्तूची नोंद कोठेच होत नाही, ती भूमिगत नसूनही भूमिगतासारखीच राहते.

निर्मात्यांचे उदात्तीकरण करण्याचे मात्र कारण नाही. सारेच काही चळवळीतील नव्हते. एकाच दुकानाच्या एका फळीवर विठ्ठलाची भजने, दुसरीवर साईबाबांची गाणी आणि तिसरीवर भीमगीते असत. गायकांचीही तीच स्थिती. प्रल्हाद शिंदे यांच्या पहाडी आवाजाने पंढरीची वारी गाजविली आणि भीमजयंतीचा मंडपही. बावीस प्रतिज्ञांच्या कसोटीवर या दुहेरी गायनाची चर्चा आपल्या सभांतून पुष्कळ झाली आहे. ती रास्त असली, तरी ज्या बाजारात कलावंताला एकरकमी बिदागीवर समाधान मानावे लागे, त्या बाजाराचाही विचार तीत झाला पाहिजे. गीतकाराची अवस्था गायकाहून बिकट. हे व्यवहार बहुधा तोंडी होत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क निर्मात्याचा, पण शब्दांवरील हक्क लेखी करारावाचून हस्तांतरित होत नाही. ही तरतूद किती गीतकारांच्या कानी गेली असेल? गीतकाराचा मोबदल्यातील वाटा त्याच्याकडून काढून घेता येऊ नये अशी दुरुस्ती २०१२ साली झाली. तोवर कॅसेटचे युग संपले होते.

अशा स्थितीत गीतकाराचे नाव टिकविले ते एका जुन्याच युक्तीने. अभंगकर्त्यांप्रमाणे व शाहिरांप्रमाणे भीमगीतकारही शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफतात. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांच्या गीतांतील ‘वामन’ ही मुद्रा सर्वपरिचित आहे. सिन्नर तालुक्यातील देशवंडीत जन्मलेल्या आणि मोठेपणी अक्षरे शिकलेल्या या कवीची गीते वेगवेगळ्या गायकांच्या कॅसेटींवर विखुरली आहेत. वेष्टनाचा कागद हरवला, त्यावर कवीचे नाव छापलेच नाही, तरी गाणे स्वतःच आपल्या कर्त्याचे नाव सांगते. धोका एवढाच, की वेळेसाठी गाणे आखूड करताना पहिला बळी शेवटच्या कडव्याचाच जातो. कडवे गेले की कवीही गेला. आज मोबाइलवर ऐकू येणाऱ्या अनेक जुन्या गीतांखाली केवळ गायकाचे नाव दिसते.

चित्रपटगीतांच्या चालींविषयीही थोडे लिहिणे आवश्यक आहे. भीमगीते म्हणजे सिनेमाच्या चालींवर बसविलेले शब्द, असा तुच्छतेचा सूर पांढरपेशा रसिकांनी लावला आणि आपल्यातील काही सुशिक्षितांनीही तो उचलला. लोकांच्या ओठांवरील चाल घेऊन तीत नवा आशय भरणे हे कीर्तनकार करीत आले, शाहीर करीत आले, जलसेकारांनीही केले. भीमगीतकारांकडूनच मौलिकतेचा हट्ट धरणे हा न्याय नव्हे. इतिहासाच्या अभ्यासकास तर या उसन्या चालींचा मोठाच उपयोग आहे. पुष्कळ कॅसेटींवर वर्ष छापलेले नसते. परंतु १९९० च्या ‘आशिकी’ चित्रपटातील चालीवर बसविलेले गीत १९९० पूर्वीचे असूच शकत नाही. नामांतराची मागणी करणारे गीत बहुधा १४ जानेवारी १९९४ पूर्वीचे, मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्ताराचा आनंद सांगणारे त्यानंतरचे. वेष्टनावरील मुंबईचा दूरध्वनी क्रमांक आठ आकडी असेल, तर ते वेष्टन २००२ पूर्वी छापलेले नाही. लेण्यांतील शिलालेखाचा काळ अक्षरांच्या वळणावरून ठरविणाऱ्या अभ्यासकास ही पद्धत अपरिचित वाटू नये.

भिक्खुवर्गातून कधीकधी असाही आक्षेप येतो, की धम्म गाण्यात मांडणे विनयाला धरून नाही. चुल्लवग्गात लांबविलेल्या गीतस्वरात धम्म म्हणण्याचे पाच दोष सांगितले आहेत: म्हणणारा स्वतः स्वरात आसक्त होतो, ऐकणारे आसक्त होतात, गृहस्थ टीका करतात, समाधी भंगते आणि मागून येणारे तेच वळण गिरवतात. पण हा नियम भिक्खूंसाठी आहे, आणि त्याच ठिकाणी सरभञ्ञाला म्हणजे सस्वर पठणाला अनुमती आहे. दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्तात पञ्चसिख गंधर्व बेलुवपंडु वीणेवर गातो. त्याच्या गीतात प्रेयसी आहे आणि बुद्धही आहे. वीणेचा स्वर व गीताचा स्वर एकमेकांशी जुळतात, असे तथागत त्याला सांगतात. उपासकाच्या गाण्याला मज्जाव करणारे वचन या दोन्ही ठिकाणी नाही. मला वाटते, आक्षेपाचे खरे मूळ विनयात नसून कर्ण्याच्या आवाजात असावे, आणि त्यापुरता तो मान्य करण्यास हरकत नाही.

कॅसेटवर न आलेल्यांचे काय झाले, हेही पाहिले पाहिजे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. त्यांचा आवाज आज ऐकता येतो तो मुख्यतः आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’ आणि २०११ च्या ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटांमुळे. ज्या शाहिरांकडे कॅमेरा वळला नाही आणि ज्यांना निर्माता लाभला नाही, त्यांची गाणी ऐकणाऱ्यांच्या स्मरणापुरतीच राहिली.

त्रिपिटक शतकानुशतके भाणकांच्या मुखी होते. दुष्काळात व युद्धात भाणकच नाहीसे होऊ लागले, तेव्हा इ.स. पूर्व पहिल्या शतकात सिंहलद्वीपातील आलोकविहारात ते ताडपत्रांवर उतरविण्यात आले. तुलना मोठी आहे, परंतु अडचण एकाच जातीची आहे. वामनदादा मे २००४ मध्ये गेले, प्रल्हाद शिंदे त्याच वर्षी जूनमध्ये. छोट्या निर्मात्यांची दुकाने प्रथम सीडीने आणि मग मोबाइलने बंद पाडली. मूळ फितींचे पुढे काय झाले हे अनेकदा त्यांच्या वारसांनाही सांगता येत नाही. उरल्या आहेत त्या घराघरांतील प्रती, पत्र्याच्या पेटीत किंवा माळ्यावर. पावसाळ्याची ओल लागून त्यांवर बुरशी धरते, चुंबकीय लेप सुटू लागतो, आणि वर्षानुवर्षे न फिरविलेल्या फितीत एका वेढ्याचा ध्वनी शेजारच्या वेढ्यावर उमटून शब्दाआधीच त्याचा पुसट प्रतिध्वनी ऐकू येतो.

एखाद्या विहाराने हे काम हाती घेतल्यास खर्च फार नाही. फीत वाजविण्यापूर्वी तिच्यावरील बुरशी पाहावी. ती असल्यास यंत्रात घालू नये. स्वच्छ फीत एकदा सावकाश पुढे-मागे फिरवून घ्यावी, यंत्राचे शीर्ष पुसावे, आणि खरखर काढण्याचा मोह टाळून आहे तसा आवाज संगणकावर उतरवावा. वेष्टनाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र त्याच नोंदीत ठेवावे, कारण गीतकाराचे, संगीतकाराचे व ढोलकीवाल्याचे नाव आढळलेच तर तेथेच आढळेल. आणि सर्वांआधी कॅसेटच्या मागील कडेचे दोन इवले चौकोन तपासावेत. ते मोडलेले नसतील, किंवा मोडलेल्या जागी कोणी कागदाचा बोळा वा चिकटपट्टी लावली असेल, तर चुकून दाबलेल्या एका कळीने गाणे पुसले जाते. तेथे ते चौकोन मोडून टाकावेत, बोळा काढावा, आणि मगच फीत लावावी.