सेंट जेम्स राजवाड्यातला वस्तरा

साल 1810. मे सरलाय, लंडनमध्ये जून लागतोय आणि तुम्ही पॅल मॉल रस्त्यावरून सेंट जेम्स राजवाड्याकडे निघाला आहात. पुण्याच्या गादीवर दुसरा बाजीराव आहे. इथल्या गादीवर तिसरा जॉर्ज, तोही डोळ्यांनी अधू झालेला. काटेकोर बोलायचं तर ज्याला रीजन्सी म्हणतात, म्हणजे राजाच्या वतीने युवराज कारभार पाहील, तो काळ अजून आठ महिने लांब आहे, पण माणसं तीच आहेत: उंच कॉलर, घट्ट ब्रीचेस, जुगारात एका रात्रीत उडवलेली इस्टेट. तुम्हाला ज्यूरीत बसायचं आहे. बाई असाल तर फाटकावरच अडवतील, कारण ज्यूरीत बायकांना जागा मिळायला अजून शंभरेक वर्षं आहेत. तेव्हा पुरुषी कोट चढवा आणि चला.

झालंय असं. 31 मेच्या पहाटे, अडीचच्या सुमारास, राजाचा पाचवा मुलगा अर्नेस्ट, ड्यूक ऑफ कंबरलंड, झोपेत असताना कुणीतरी त्याच्या डोक्यावर तलवारीचे घाव घातले. ड्यूकचं म्हणणं, आधी वाटलं की खोलीत वटवाघूळ शिरलंय आणि डोक्याभोवती फडफडतंय. मग तो दाराकडे धावला, मागून मांडीवर वार बसला. हाकेला धावून आला त्याचा हुजऱ्या नील. दाराशी नीलच्या पायाखाली काहीतरी आलं, ती रक्ताने माखलेली उघडी तलवार होती आणि ती ड्यूकचीच होती. घरातली सगळी माणसं गोळा झाली, फक्त दुसरा हुजऱ्या जोसेफ सेलिस तेवढा दिसेना. त्याच्या खोलीचं दार आतून बंद. आतून घशात पाणी खळखळावं तसा आवाज आला म्हणतात. दार उघडलं तेव्हा सेलिस आपल्या पलंगावर गळा चिरलेल्या अवस्थेत होता.

आत चला. सगळे पंच खोल्या पाहत फिरताहेत, तुम्हीही त्यांच्यात. ड्यूकच्या शयनगृहाला लागून एक छोटी खोली आहे, तिथे खाली बघा: एक जोडी सपाता, त्यांवर सेलिसचं नाव. शेजारी तलवारीचं रिकामं म्यान आणि एक चोरकंदील, म्हणजे झडप ओढली की उजेड आतल्या आत राहतो तसला. आता सेलिसच्या खोलीत. खुर्चीवर त्याचा कोट, बाहीवर रक्त. तस्तातलं पाणी लालसर. वस्तरा पलंगावर नाही, थोडा दूर जमिनीवर पडलेला.

तुमचा हात खिशाकडे जातो, हे मला माहीत आहे. मुठीवरचे ठसे घ्यावेत, कोटावरचं रक्त तपासायला पाठवावं. कुणाकडे पाठवणार? या शहराला पोलीस दल 1829 मध्ये मिळेल. आत्ता आहेत ते बो स्ट्रीटचे मूठभर रनर आणि रात्री गस्त घालणारे पेंगुळलेले पहारेकरी. बोटांच्या ठशांची कचेरी उघडेल 1897 मध्ये, तीही आपल्या कलकत्त्यात. रक्त माणसाचं की कोंबडीचं हे सांगता येईल 1901 मध्ये. तेव्हा हात मागे घ्या आणि कान उघडे ठेवा, कारण इथे पुरावा म्हणजे साक्ष, आणि साक्ष देणारे बहुतेक सगळे ड्यूकच्या मिठाला जागणारे नोकर.

आणि इथेच तुमच्या शेजारी बसलेल्या माणसाकडे नीट बघा. रीजन्सी काळावरच्या रहस्यकादंबऱ्या तुम्ही वाचल्या असतील, तर शोध लावणारा हटकून उमराव असतो: तलवारबाज, देखणा, बापाशी भांडलेला. प्रत्यक्षात या ज्यूरीचा प्रमुख आहे एक शिंपी. फ्रान्सिस प्लेस. चेअरिंग क्रॉसला त्याचं दुकान, लहानपणी शिकला ते चामडी ब्रीचेस शिवायला, आणि राजेशाहीचं नाव काढलं की कपाळाला आठी. वकील मित्राकडे जाऊन त्याने कॉरोनरचा, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचा, कायदा आधीच वाचून काढलाय. चौकशी कॉरोनरची, पण प्रश्न हा विचारतोय. वार्ताहरांना आत घ्या, दारं उघडी ठेवा, हा हट्टही त्याचाच. राजाच्या मुलाच्या घरात एक शिंपी उलटतपासणी घेतोय आणि दरबारी मंडळी मान खाली घालून ऐकताहेत. मला विचाराल तर असा प्रसंग कुठल्याही कादंबरीकाराला सुचला नसता, आणि सुचला असता तरी संपादकाने खोडला असता.

ड्यूकला अडकवायची संधी कुणाला हवी असेल तर ती प्लेसलाच. आणि तरी निकाल येतो तो एकमताने: सेलिसने हल्ला केला, मग आत्महत्या केली.

बाहेर या आता. या निकालावर फाटकाबाहेर कुणाचाही विश्वास नाही; सेलिसला ड्यूकनेच मारलं, अशी बोलवा. इतका खोल गळा स्वतःच्या हाताने कोण चिरेल? वस्तरा एवढ्या लांब कसा? सेलिसच्या बायकोशी ड्यूकचं काहीतरी होतं म्हणे. नाही हो, सेलिसला ड्यूकचं गुपित कळलं होतं म्हणे. व्यंगचित्रं, चोपडी, कुजबुज. लोकांचा राग समजण्यासारखा आहे: एप्रिलमध्येच खासदार सर फ्रान्सिस बर्डेट यांना लंडनच्या टॉवर किल्ल्यात डांबलं, रस्त्यावर सैन्याने गोळ्या झाडल्या. राजवाड्यातून आलेलं काहीही खरं मानायची कुणाची तयारी नाही. गंमत अशी की या अविश्वासाची फळं भोगावी लागली प्लेसला. ड्यूकला सोडला म्हणजे हा सरकारचा हेर, असं त्याच्याच गोटातली माणसं म्हणू लागली. बर्डेटने तर पुढे कित्येक वर्षं त्याच्याशी बोलणं टाकलं.

ड्यूकचं मात्र फारसं बिघडलं नाही. महिनाभराने जखमा भरल्या. संशय आयुष्यभर चिकटून राहिला, 1833 मध्ये त्याने एका प्रकाशकावर बदनामीचा खटला भरून जिंकला, आणि 1837 मध्ये तो हॅनोव्हरचा राजा झाला. व्हिक्टोरिया राणी गादीवर आली तेव्हा तिच्यामागे वारस तोच होता. तिला पहिलं मूल होईपर्यंत निम्मं इंग्लंड याच धास्तीत.

तुम्ही कादंबरी लिहिणार असाल तर एक सांगतो. खुनी ड्यूक ही सोपी वाट आहे, तिच्यावरून दोनशे वर्षं गर्दी चाललीय. सपाता, म्यान, कंदील, रक्ताळलेला कोट, आतून बंद दार हे सगळं एकाच माणसाकडे बोट दाखवतं आणि प्लेसने ते बरोबर वाचलं असं माझं मत. पण ज्याला मालकाने राजवाड्यात बायकामुलांसह बिऱ्हाड दिलं होतं, त्या सेलिसने त्या पहाटे तलवार का उचलली? दुसऱ्या हुजऱ्याशी, नीलशी, त्याचं वैर होतं म्हणून? तिथून सुरुवात करा. त्या ज्यूरीला कारण सापडलं नव्हतं आणि आजवर कुणालाही सापडलेलं नाही.