ओहोटीची डबकी: वेचणारे आणि बघणारे

आजचा भाग ओहोटीचा. समुद्र मागे सरकला की खडकांच्या खाचांमध्ये पाणी साचून राहतं. त्या डबक्यांत खेकडे असतात, समुद्रफुलं असतात, नशीब जोरावर असेल तर ऑक्टोपससुद्धा दिसतो. मुंबईत हे बघायला लोक गटाने जातात, मीही जाते. पण या छंदाचा इतिहास तुम्हाला वाटतो तितका गोड नाहीये.

चला 1850 च्या दशकातल्या इंग्लंडमध्ये. फिलिप हेन्री गॉस नावाचा निसर्गअभ्यासक डेव्हनच्या किनाऱ्यावर डबक्यांत डोकावत फिरायचा. त्या भटकंतीवरचं त्याचं पुस्तक 1853 मध्ये आलं, आणि पुढच्याच वर्षी 'द अक्वेरियम'. समुद्री जीव काचेच्या टाकीत कसे जगवायचे, हे त्यात सांगितलेलं. 1855 मध्ये तर त्याने इल्फ्राकूमला थेट किनाऱ्यावरच वर्ग भरवला. म्हणजे आपल्या शोअर वॉकचे पणजोबाच म्हणा ना!

वेळही जुळून आली. 1845 मध्ये काचेवरचा कर उठला होता, रेल्वेमुळे किनारे जवळ आले होते. दिवाणखान्यात समुद्र ठेवायची फॅशनच आली. लोक बरण्या, हातोड्या, छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर उतरले. खडकाला चिकटलेलं समुद्रफूल हवं, तर खडकाचा टवका काढायचा.

पुढे काय झालं, ते गॉसच्या मुलानेच लिहून ठेवलंय. एडमंडचं 'फादर अँड सन' आलं 1907 मध्ये. लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेली भरलेली डबकी आता ओरबाडून रिकामी झालीत, आणि त्याला वडिलांची पुस्तकंही कारणीभूत ठरली, असं त्याने मांडलं. विचार करा, ही डबकी कुठल्या कारखान्याने नाही, त्यांच्यावर जीव लावणाऱ्यांनीच रिकामी केली.

आता मुंबईत या. इथली डबकी कुणी 'शोधून' काढलेली नाहीत. खडकांवरची कालवं काढणाऱ्या कोळी बायकांना ती कधीपासून ठाऊक आहेत. नवीन काय, तर 2017 मध्ये 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा नागरिकांचा उपक्रम सुरू झाला आणि सामान्य मुंबईकर गटाने तिथे जाऊ लागले. इथे हातोडी नाही, मोबाईल. फोटो काढायचा, नोंद करायची, जीव जागच्या जागी ठेवायचा.

'नुसते फोटो काढून काय होतं?' असं मला हमखास विचारतात. कोस्टल रोडचंच बघा. त्याच्या वाटेत हाजीअली आणि वरळीच्या खडकांवर जिवंत प्रवाळ होते. आपल्याकडे प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. जुलै 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पाची किनारपट्टी मंजुरी रद्द केली, डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने काम पुन्हा सुरू करू दिलं. नंतर तिथले प्रवाळ दुसरीकडे हलवले गेले, आणि मार्च 2024 मध्ये रस्त्याचा पहिला भाग खुला झाला.

रस्ता झालाच, हे खरं. पण 'तिथे नुसती घाण आहे, जीव कुठले?' असं आता कुणी सहज म्हणू शकत नाही. ज्याची नोंद नाही, ते गेलं तरी कुणाला कळतही नाही.

तर येत्या अमावस्येला किंवा पौर्णिमेला भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. त्या दिवसांत पाणी जास्त मागे जातं. गटाबरोबर जा, पकड असलेले बूट घाला, दगड उचललात तर हळूच तसाच परत ठेवा. आणि पाणी चढायच्या आत बाहेर या! भेटू पुढच्या भागात.