कचऱ्यावर जंगल उगवले, मग माणसांच्या वाट्याला पुन्हा कचराच का?

एखाद्या शहराने आपली घाण कुठे टाकली आणि कोणाच्या शेजारी टाकली, हे नीट पाहिले की त्या शहराचा जातीचा नकाशा हाती लागतो. गावात महारवाडा, मांगवाडा वेशीबाहेर असे. शहरात वेस दिसत नाही, म्हणून ती नसतेच असे आपण समजतो. पण शहराचीही वेस असते. ती कधी नाल्याच्या काठाने जाते, कधी खाडीच्या काठाने, तर कधी डंपिंग ग्राउंडच्या कडेने.

आमच्या अभ्यासवर्गातील तरुण-तरुणींना ही वेस पुस्तकात न दाखवता जागेवर दाखवावी, म्हणून आम्ही धारावीच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात गेलो. सायन-बांद्रा लिंक रोडवर धारावी बस डेपोसमोर हे उद्यान आहे. फाटकातून आत शिरले की वाहनांचा गोंगाट मागे पडतो. दाट झाडी, फुलपाखरे, पावसाचे पाणी साठवणारे तळे आणि पलीकडे मिठी नदीच्या काठाने तिवरांची हिरवी रांग. सुमारे ३७ एकरांचे हे जंगल मुंबईच्या ऐन मध्यावर उभे आहे आणि या जंगलाखाली कचरा आहे. अनेक वर्षे मुंबईचा कचरा याच जागी आणून टाकला जात असे.

उद्यानाचा जो इतिहास नेहमी सांगितला जातो तो असा : इथे डंपिंग ग्राउंड होते. पुढे निसर्गप्रेमी संस्था, शास्त्रज्ञ आणि एमएमआरडीए यांनी पुढाकार घेतला. १९८३ मध्ये ज्येष्ठ पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांच्या हस्ते पहिले झाड लावले गेले. कचऱ्यावर माती पसरली, रोपे लावली, वर्षानुवर्षे जोपासली आणि २२ एप्रिल १९९४ रोजी, वसुंधरा दिनी, उद्यान लोकांसाठी खुले झाले. हे काम मोठे आहे आणि ते आम्ही मनापासून मान्य करतो. पण आमच्यातल्या एका मुलीने विचारलेला प्रश्न साधा होता : "झाडं कोणी लावली ते कळलं. कचरा कोणी वाहून आणला होता?"

या प्रश्नापासून आपला इतिहास सुरू होतो.

मुंबईचा कचरा आपोआप खाडीकाठी आला नाही. तो कोणीतरी झाडला, कोणीतरी टोपलीत भरला, कोणीतरी गाडीत चढवला, कोणीतरी इथे उपसला. ते "कोणीतरी" कोण होते हे सांगायला संशोधनाची गरज नाही. महाराष्ट्रातून, गुजरातमधून, उत्तरेतून आलेल्या अस्पृश्य जातींच्या माणसांवर शहराने हे काम सोपवले आणि बापानंतर मुलावरही तेच सोपवले. जात नुसती कामे वाटत नाही, ती काम करणारी माणसेच जन्मावरून वेगळी करून टाकते, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिसंहार'मध्ये दाखवून दिले. त्याआधीच १९३५ मध्ये त्यांनी म्युनिसिपल कामगार संघ स्थापन केला होता. सफाईच्या कामाला पुण्यकर्म म्हणून गौरवायचे आणि ते करणाऱ्याला तिथेच डांबून ठेवायचे, या लबाडीवर त्यांनी पुढे गांधीवादाची चिकित्सा करताना कठोर टीका केली. सफाई कामगाराला गौरव नको होता, त्याला हक्क आणि सुटका हवी होती.

आता ज्या वस्तीच्या शेजारी हा कचरा आला, तिच्याकडे पाहू. धारावी मुळात कोळ्यांचे गाव. १९०९ च्या मुंबई गॅझेटियरमध्ये सहा मोठ्या कोळीवाड्यांत धारावीचे नाव आहे. १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे झाला, पुढे भराव पडत गेले, खाडी गाळाने भरत गेली आणि मासेमारी आटली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कातडी कमावण्याचे कारखाने इथे आले, कारण त्यांचा वास शहराला आपल्या नाकाजवळ नको होता. तमिळनाडूतून दलित आणि मुस्लिम कामगार आले, महाराष्ट्रातून चर्मकार आणि महार आले, सौराष्ट्रातून कुंभार आले. ज्यांच्या श्रमाशिवाय शहराचे चालत नाही, पण ज्यांचा शेजार शहराला सोसत नाही, अशांची ही वस्ती. आजही उद्यानापासून थोड्याच अंतरावर, तेरा कंपाऊंडमध्ये, शहराचे प्लॅस्टिक हाताने निवडले जाते, धुतले जाते, दळले जाते आणि पुन्हा वापरात आणले जाते. पर्यावरणावरची व्याख्याने दुसरीकडे होतात, पर्यावरणाचे काम इथे होते.

मिठीच्या पलीकडचा काठही पाहायला हवा. तिथे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती आहेत. ती जागाही पाणथळीची होती. तिथे भराव घालून व्यापारी केंद्र उभे केले गेले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठीने आपली जागा परत मागितली, तेव्हा नदी तुंबवल्याचा ठपका मात्र झोपडपट्टीवर ठेवायला अनेक जण तयार होते. गरिबाने खाडीत चार बांबू रोवले तर ते अतिक्रमण आणि धनिकाने खाडी बुजवली तर तो विकास!

इथे १९२७ हे साल आठवते. त्या वर्षी २० मार्चला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव १९२३ मध्येच मुंबई विधिमंडळाने केला होता, महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला होता. कागदावर तळे सार्वजनिक होते, प्रत्यक्षात नव्हते. महाडने शिकवले ते हेच, की पाणी, जमीन, झाडे यांवर सर्वांचा हक्क असतो असे नुसते लिहून भागत नाही, तो हक्क जाऊन बजावावा लागतो. आणि त्याच १९२७ साली मुंबईत देवनारचे डंपिंग ग्राउंड सुरू झाले. जवळपास शंभर वर्षे शहराचा कचरा तिथे साचत आला आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर दिवसेंदिवस शहरावर होता.

मित्रहो, हे सारे आज का सांगायचे? कारण २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने धारावी पुनर्विकासासाठी देवनारच्या याच कचराभूमीपैकी सुमारे १२४ एकर जमीन देण्यास मंजुरी दिली. ज्यांना धारावीतच घर मिळण्यास अपात्र ठरवले जाईल, त्यांच्या घरांसाठी. नवे कचराभराव क्षेत्र वस्तीपासून किमान २०० मीटर दूर असावे, असे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत सांगितले होते. म्हणजे कचरा माणसांजवळ आणू नये हे सरकारला कळते. मग माणसे कचऱ्याजवळ न्यावीत हे कसे चालते? कचरा साफ करून मगच घरे बांधू, असे उत्तर मिळेल. पण धारावीच्या कचऱ्यावर झाडे रुजायला अकरा वर्षे दिली गेली. झाडांच्या वाट्याला जो धीर आला, तो माणसांच्या वाट्याला येणार आहे का?

काही कार्यकर्ते म्हणतात, उद्याने आणि तिवरे ही उच्चवर्णीयांची हौस, आपला प्रश्न घराचा. हे आम्हाला मान्य नाही. पूर आला की पहिले पाणी आपल्याच घरात शिरते, उन्हाळ्यात पत्रा आपल्याच डोक्यावर तापतो, खोकला आपल्याच लेकरांना लागतो. तिवरे वाचवणे हे आपलेच काम आहे. उद्यान पुनर्विकासाच्या क्षेत्रात ओढले जाण्याची भीती निर्माण झाली तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि उद्यान प्रकल्पाबाहेर असल्याचे तिथे सांगावे लागले. जंगलासाठी न्यायालयात जाणारे लोक होते, ही चांगली गोष्ट आहे. धारावीच्या माणसांसाठीही तितक्याच आवाजात बोलणारे हवेत. जंगल विरुद्ध झोपडी हे भांडण आपण लावून घ्यायचे नाही. दोघांची जमीन एकाच दिशेने गिळली जाते.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. उद्यानाचे जंगल जसेच्या तसे राहिले पाहिजे. धारावीत राहणाऱ्याला आणि राबणाऱ्याला, पात्र-अपात्र असा भेद न करता, धारावीतच घर आणि कामाची जागा मिळाली पाहिजे. आणि उद्यानाच्या इतिहासात पहिले झाड लावणाऱ्याच्या नावासोबत कचरा वाहणाऱ्या सफाई कामगारांचीही नोंद झाली पाहिजे.

तरुणांनो, आपापल्या शहरात असे एक ठिकाण शोधा. गटाने जा. झाडांची नावे शिका, आणि त्याच दिवशी तिथल्या वृद्ध सफाई कामगारांना, कोळणींना, कातडी कमावणाऱ्यांना भेटून त्यांच्या आठवणी लिहून घ्या. ती माणसे आज आहेत, उद्या नसतील. आपला इतिहास दुसरा कोणी लिहील, या भरवशावर आपण फार काळ राहिलो.

जय भीम!