प्राणवायूचा घात

शाळेतला रसायनशास्त्राचा तास ज्यांना आठवत असेल त्यांना तो प्रयोगही आठवेल. बरणीत प्राणवायू गोळा करायचा, लाकडाची काडी पेटवून फुंकरीने विझवायची आणि टोकाशी निखारा धुमसत असतानाच ती बरणीत सोडायची. काडी भपकन पुन्हा पेट घेते, मुले टाळ्या पिटतात आणि मास्तर फळ्यावर लिहितात : ‘प्राणवायू स्वतः जळत नाही, पण ज्वलनास मदत करतो.’ हे वाक्य मी वर्षानुवर्षे मुलांकडून पाठ करून घेत आलो आहे. परीक्षेत त्याला एक गुण मिळतो. त्याच गुणधर्मापायी इंग्लंडात टाइन नदीच्या काठी १९७६ साली आठ कामगार प्राणाला मुकले, ती हकीकत येथे सांगावयाची आहे.

पूर्वी पोलादी जहाजे रिबिटे ठोकून सांधली जात. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये फूशे आणि पिकार या दोघांनी प्राणवायू व असिटिलीन यांची जळती जोत धातूच्या कामाला जुंपली आणि पोलाद लोण्यासारखे कापता येऊ लागले. विजेच्या ठिणगीने सांधण्याची विद्याही त्याच सुमारास पुढे आली. १९२० साली बर्कनहेड येथे ‘फुलागर’ हे रिबिटांवाचून बांधलेले जहाज पाण्यात उतरले. दुसऱ्या महायुद्धात जहाजे घाईने बांधावी लागली, तेव्हा रिबिटांचे राज्य संपले आणि वेल्डरचे सुरू झाले. रिबिटांच्या घणाने माणसे बहिरी होत, हे खरे. पण त्या कामात जहाजाच्या पोटात वायूच्या नळ्या फिरवाव्या लागत नसत.

आगीला बंद कोठडीच लागते असेही नाही. ‘नॉर्मंडी’ हे फ्रेंचांचे हजार फुटांहून लांब, डोळे दिपवणारे जहाज युद्धामुळे न्यूयॉर्कच्या धक्क्यावर अडकून पडले होते. अमेरिकेने ते ताब्यात घेऊन सैनिकांची ने-आण करण्यासाठी त्याचे रूपांतर चालविले. ९ फेब्रुवारी १९४२ रोजी मुख्य दिवाणखान्यातला दिव्यांचा खांब गॅसने कापताना फुलबाजीसारख्या ठिणग्या उडाल्या आणि शेजारी रचलेल्या जीवरक्षक जाकिटांच्या गठ्ठ्यांवर पडल्या. जाकिटांत शेवरीच्या कापसासारखा कापूस भरलेला! बंबांनी इतके पाणी ओतले की दुसऱ्या दिवशी पहाटे जहाज कुशीवर कलंडले. शत्रूच्या हस्तकांचे कृत्य म्हणून पुष्कळ आरडाओरडा झाला, चौकशीत मात्र निष्काळजीपणाच ठरला. माणसाला आपल्या गलथानपणापेक्षा शत्रूचे कपट पटकन पटते.

परंतु तेथे ठिणग्या दिसत होत्या, गठ्ठे दिसत होते. टाइनकाठी काहीच दिसत नव्हते.

युद्धनौकेचे पोट म्हणजे मधमाश्यांचे पोळे. कप्प्यात कप्पा, एका डेकखाली दुसरा डेक, वर-खाली जायला अरुंद भोक आणि उभी शिडी. हवा तेथे आपोआप खेळत नाही. आपण श्वासात घेतो त्या हवेत प्राणवायू असतो शेकडा एकवीस. बंद टाकीत नुसता गंज चढला तरी तो हे प्रमाण उतरवतो, कारण गंजही प्राणवायूवरच वाढतो. अशा टाकीत उतरलेला माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो आणि त्याला काढायला धावलेला सोबतीही त्याच्या अंगावर पडतो. हा धोका जुने खलाशी ओळखून असत. उलटा धोका मात्र मनाला पटत नाही. प्राणवायू वाढला तर त्यात वाईट काय? त्याला ना वास, ना रंग. माणसाला उलट बरेच वाटते. कोंदट टाकीत जरा मोकळे वाटावे म्हणून प्राणवायूची नळी आत सोडण्याची घातकी चाल कित्येक ठिकाणी कामगारांत होती, ती याच समजुतीने. पण एकवीसचे पंचवीस झाले की अंगातला सदरा, केस, तेलकट चिंधी, सारे त्या बरणीतल्या काडीसारखे वागू लागतात. शिवाय प्राणवायू हवेपेक्षा किंचित जड, त्यामुळे तो खालच्या जागी साचू शकतो. कपड्यांतही तो भिनून राहतो. त्या कप्प्यातून बाहेर येऊन लगेच विडी पेटवणाराही जळतो.

‘ग्लासगो’ ही ब्रिटिश आरमाराची विनाशिका स्वान हंटर कंपनीच्या गोदीत बांधली जात होती. एप्रिल १९७६ मध्ये ती पाण्यात उतरली आणि आतले काम सुरू होते. अशा कामावर एकाच मालकाची माणसे नसतात. मुख्य कंपनीची असतात, तिच्या ठेकेदारांची असतात, ठेकेदाराने नेमलेल्या पोटठेकेदारांचीही असतात. सप्टेंबरमधल्या एका संध्याकाळी काम सुटले तेव्हा टेलिमीटर नावाच्या पोटठेकेदाराच्या माणसाने वापरलेली प्राणवायूची नळी खालच्या कप्प्यातच राहिली. रात्रभर तीतून वायू गळत राहिला. २३ सप्टेंबरच्या सकाळी एक वेल्डर खाली उतरला आणि नेहमीप्रमाणे त्याने ठिणगी पाडली. उसळलेल्या आगीत आठ जण गेले. त्या वेल्डरची चूक कोणती? त्याने रोजचेच काम रोजच्यासारखे केले होते.

यापुढचा भाग मला या कहाणीत सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हा धोका कंपनीला ठाऊक नव्हता असे नाही. तिने आपल्या कामगारांसाठी एक निळी पुस्तिकाच काढली होती. प्राणवायू साचल्यास काय होते ते तीत होते आणि दिवसाचे काम संपले की नळ्या खालून उघड्या डेकवर आणाव्यात, ते जमत नसेल तर मुळाशीच सोडवून ठेवाव्यात, अशी सूचनाही होती. आपल्या माणसांना ती वाटली होती. पोटठेकेदारांच्या माणसांना मात्र मागितली तरच मिळे. ज्याला धोकाच माहीत नाही तो पुस्तिका मागणार कशी, हा प्रश्न कोणाला सुचला नव्हता.

खटला झाला. दुसऱ्याच्या नोकरांना शिकविण्याची जबाबदारी आमची नव्हे, असा कंपनीचा बचाव. वरवर तो रास्तही वाटतो. शेजारच्या शाळेतल्या मुलांचा अभ्यास मी थोडाच घेतो! पण वरिष्ठ न्यायालयाने १९८१ मध्ये तो फेटाळला. एकाच पोलादी पेटीत सर्वांची माणसे शेजारी शेजारी काम करीत असतील, तर परक्याच्या अज्ञानाने आपलाही माणूस जळतो. म्हणून आपल्या माणसाच्या सुरक्षिततेसाठीच परक्याला माहिती देणे मालकाचे कर्तव्य ठरते, असा त्या निकालाचा आशय. ब्रिटनमधील १९७४ च्या कायद्याचा अर्थ लावताना पुढे हा निकाल पुन्हा पुन्हा आधाराला घेतला गेला. ‘ग्लासगो’ पुरी होऊन १९७९ मध्ये आरमारात दाखल झाली. १९८२ च्या फॉकलंडच्या युद्धात एक बॉम्ब तिच्या एका बाजूने शिरून न फुटता दुसऱ्या बाजूने निघून गेला.

आपल्याकडे मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली ‘निलगिरी’ १९७२ मध्ये नौदलात आली, तेव्हापासून हे पोळ्यासारखे कप्पे आपल्याही वेल्डरांच्या ओळखीचे झाले. जागोजाग ठेकेदारांची माणसे तेथेही असतात. बंद जागेत उतरण्याविषयी आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातच कलम होते : वायूची शंका असेल तेथे आधी जाणत्या माणसाने तपासणी करून जागा निर्धोक असल्याचे लेखी द्यावे, नाही तर उतरणाऱ्याने श्वासाचे उपकरण लावावे आणि कमरेच्या पट्ट्याला दोरी बांधावी. आता तपासणी छोट्या यंत्राने होते. प्राणवायू साडेएकोणिसाच्या खाली नको आणि बावीस-तेविसाच्या वरही नको; जळणारा वायू नको, विषारी नको. काम चालू असताना हवा खेळती ठेवायची, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा नळ्या वर आणायच्या आणि परत उतरण्यापूर्वी पुन्हा मोजायचे. कायद्यातल्या त्या दोरीचे मोकळे टोक कोठे असावे, हेही त्या कलमात लिहिले होते : बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात.